डाव्या हातावरची खूण

“हा नको, मॅडम. उजवा घ्या.”

वृषालीनं डावा हात मांडीखाली सरकवला आणि उजवा पुढे केला. मी रबरी पट्टा धरून तशीच थांबले. याआधी सहा वेळा मी तिचं रक्त काढलं होतं आणि सहाही वेळा डाव्या हाताचं. उजव्या हाताची शीर खोल होती, पटकन सापडायची नाही. हे मला माहीत होतं तसं तिलाही माहीत होतं.

“का गं? डाव्याला काय झालं?”

“काही नाही ओ. झोपेत अंगाखाली आला वाटतं.”

चंदगडच्या पुढे, तिलारी घाटाच्या माथ्यावर गावडेवाडी आहे. मार्चचे दिवस होते, सकाळचे सव्वाआठ वाजले होते. पडवीत मी, वृषाली आणि तिचे कोच शिकलगार सर असे तिघं बसलो होतो. सर सैन्यातून निवृत्त झालेले. केस पांढरे, पाठ ताठ, आणि गळ्यात कायम एक टॉवेल. ते वर्तमानपत्र वाचत होते. वृषालीचं बोलणं ऐकून त्यांनी मान वर केली नाही.

मी तेव्हा कोल्हापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. शिवाय खेळाडूंच्या डोपिंगच्या चाचण्या करणाऱ्या दिल्लीच्या संस्थेसाठी आमच्या भागातल्या खेळाडूंचं रक्त काढून पाठवायचं कामही माझ्याकडे होतं. आगाऊ काही कळवायचं नसायचं. खेळाडूनं स्वतःच कळवलेल्या वेळेला त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. वृषाली दहा हजार मीटर पळायची. वय बावीस, राज्यात पहिली, देशात तिसरी. तिनं सकाळी सहा ते सात ही वेळ दिलेली होती. ती पहाटे पाचला पळायला सुटायची आणि सहाच्या ठोक्याला घरी यायची. पळून आल्यावर दोन तास रक्त काढायचं नाही असा नियम आहे. घाम गेलेला असतो, आकडे उगाच चढे येतात. म्हणून ते दोन तास तिला नजरेआड होऊ न देता मी तिच्यासमोर बसून राहायचे.

त्या दोन तासांनी माझी पंचाईत केली. दोन माणसं दोन तास समोरासमोर बसली की बोलणारच. दीड वर्षात सात खेपा झाल्या होत्या. माझे गुडघे दुखतात, माझ्या मुलाला गणितात कमी पडतात, मला सासरी चहा गोड लागतो, हे सगळं तिला ठाऊक झालं होतं. मलाही कळलं होतं की तिचे आईवडील काजूच्या कारखान्यात जातात, तिला शर्यतीआधी मळमळतं, आणि बूट फाटले तरी ती सरांना सांगत नाही. कोल्हापूरकडच्या मुलींसारखं ती “मी आलो, मी गेलो” असं बोलायची. एकदा मी तिला हसले, तर म्हणाली, “मॅडम, ‘आले’ म्हटलं की मला दुसरीच कोणतरी आल्यासारखं वाटतं.”

मला तिचा लळा लागला होता. लागायला नको होता, पण लागला.

उजव्या हाताची शीर तिसऱ्या प्रयत्नात सापडली. तिनं हूं की चूं केलं नाही. नळ्या भरल्या, चिकटपट्ट्या लागल्या, नळ्या थंड पेटीत गेल्या. मग मी फॉर्म काढला आणि नेहमीचे प्रश्न विचारले. शेवटचा प्रश्न असा होता: गेल्या तीन महिन्यांत रक्त दिलं आहे का, चढवून घेतलं आहे का, अपघातात वगैरे गेलं आहे का?

वृषालीनं सरांकडे पाहिलं. अगदी क्षणभर.

“नाही,” ती म्हणाली.

सही करायला तिनं पेन घेतलं आणि कागद सरकू नये म्हणून डावा हात त्यावर ठेवला. जर्सीची बाही वर गेली. कोपराच्या आतल्या बाजूला वाटाण्याहून लहान, काळपट खपली होती. तिच्याभोवती रुपयाएवढा डाग होता, हिरव्यावरून पिवळ्यावर गेलेला आणि कडांना विरत चाललेला. वीस वर्षं मी लोकांना सुया टोचत आले होते. ती आमच्या तपासणीच्या बारीक सुईची खूण नव्हती. रक्ताच्या पिशवीला जी जाड सुई असते, तिची ती खूण होती. सहा ते आठ दिवसांपूर्वीची.

काही वेगळं दिसलं तर लिहायला फॉर्मवर जागा असते, तिथे मी लिहायला लागले. कुठे खूण, केवढी, डागाचा रंग कसा, अंदाजे किती दिवसांची. वृषाली उलट्या बाजूनं वाचत होती.

“ते लिहायलाच लागतंय काय?” तिनं हळूच विचारलं.

“लागतं.”

“बरं. लिहा मग.”

एवढंच. ती रागावली नाही, रडली नाही. जीप रस्त्यावर उभी होती, तिथवर ती मला सोडायला आली. नमुन्यांच्या पेटीला तिनं हात लावायचा नाही असा नियम, म्हणून माझी पर्स तिनं स्वतःच्या खांद्याला अडकवली होती. जीप सुटताना ती म्हणाली, “गुडघ्याला तेल लावत जावा, मॅडम. नुसतं सांगताय, लावत नाही.”

*

मे महिन्यात एका रविवारी दुपारी शिकलगार सर माझ्या घरी आले. कोल्हापूरच्या उन्हात स्टँडपासून चालत आले होते. पाणी प्यायले. मग प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी एक पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं.

“वाचा. इंग्रजी माझं कच्चं आहे, पण मला कळायचं तेवढं कळलं.”

पत्र दिल्लीचं होतं. वृषालीचं हिमोग्लोबिन वर्षभर साडेतेराच्या आसपास होतं, ते मार्चमध्ये एकदम बारा पॉइंट एकवर आलं होतं. त्याच वेळी रक्तातल्या कोवळ्या पेशी दुपटीहून जास्त झाल्या होत्या. शरीरातलं रक्त गेलं की ते भरून काढायला शरीर घाईनं नव्या पेशी सोडतं. म्हणजे तिच्या अंगातून बरंचसं रक्त काढलं गेलं होतं आणि तिनं मात्र फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं होतं. शर्यतीआधी परत चढवून घेण्यासाठी ते रक्त काढून ठेवलं असावं असा तज्ज्ञांचा संशय होता. पत्राच्या शेवटी माझी नोंद जोडलेली होती. माझ्याच अक्षरात.

“हे असलं खरंच करतात काय माणसं?” सरांनी विचारलं. “स्वतःचंच रक्त काढून ठेवायचं आणि परत घालायचं?”

“करतात. लाल पेशी वाढल्या की दम टिकतो. आणि ते सापडायला फार अवघड. बाहेरचं औषध असलं तर लघवीत सापडतं. स्वतःच्या रक्तात परकं काय सापडणार? म्हणून वर्षानुवर्षं आकडे मांडून ठेवायचे, आणि कुठे खड्डा किंवा उंचवटा दिसला की विचारायचं.”

“आणि हिचा खड्डा दिसला.”

“हो.”

सर कोरडं हसले. “ठेवलंय कुठं मग रक्त? आमच्या वाडीत लाईट दिवसातनं चारदा जाते. माझ्या फ्रिजमध्ये दूध नासतंय.”

मग ते पुढे सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “पोतनीस मॅडम, एक मागणं आहे. एशियन स्पर्धेच्या निवडीच्या कॅम्पमधनं तिला घरी धाडलंय. जुलैत ट्रायल आहे. तुमची ती पेटी वाटेत गरम झाली होती म्हणून सांगा. नमुना बाद होईल, विषय संपेल.”

“पेटी गरम झाली नव्हती, सर. आत तापमान लिहिणारं यंत्र असतं.”

“मग दोन तास पुरे झाले नव्हते म्हणा.”

“झाले होते. तुम्ही समोरच बसला होता.”

“होतो,” ते म्हणाले. टॉवेलनं त्यांनी तोंड पुसलं आणि पुसतच राहिले. “म्हणजे तिनं केलंय असं वाटतंय तुम्हाला?”

नाही, असं चटकन म्हणायला हवं होतं मी. पण ती खूण मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

“राहू दे,” सर म्हणाले. “मलाबी तसंच वाटायला लागलंय. खरं म्हणजे हेच कुणाला तरी बोलून टाकायला आलो मी. चौदा वर्षांची होती तेव्हापासून पोरगी माझ्याकडं पळती. तिला विचारलं, तर म्हणती, ‘मी काही चढवून घेतलेलं नाही. एवढंच सांगणार.’ मग खूण कसली गं? तर गप्प. माझ्याशी गप्प! आठ दिवस झाले, आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही.”

ते गेले. पत्राची एक प्रत माझ्याकडे ठेवून गेले.

*

दुसऱ्या दिवशी मी दिल्लीला फोन केला. तिथल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे सांगितलं की तुम्ही आता या प्रकरणात साक्षीदार आहात, सुनावणी होईपर्यंत खेळाडूला भेटायचं नाही. मी हो म्हटलं.

बुधवारी मी रजा टाकली आणि चंदगडची एस.टी. पकडली.

जाताना वाटेत मी स्वतःला बरंच काही सांगितलं. की मी फक्त एक प्रश्न विचारून परत येणार. की त्यानं कुणाचं नुकसान नाही. खरं इतकंच होतं की त्या फॉर्मवर सही करायच्या आधी तिनं सरांकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मला विसरता येत नव्हती. मनात चोरी असलेलं माणूस माझ्याकडे बघतं, सुई धरणाऱ्याकडे. ती माझ्याकडे बघतही नव्हती.

वृषाली कारखान्याच्या मागे, काजूच्या टरफलांच्या ढिगाशेजारी सावलीत जेवत बसली होती. आईबरोबर तीही कामाला जायला लागली होती. मला पाहून ती उभी राहिली.

“मॅडम? आज रक्त?”

“नाही. आज मी इथे यायलाच नको होतं. बस खाली.” मी तिच्याजवळ दगडावर टेकले. “सर नाहीत इथे. मला एवढंच सांग, कुणाला दिलंस?”

तिनं डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“तुम्हाला कसं कळलं?”

“मला काही कळलेलं नाही. तू सांग.”

“मी बॉम्बे ग्रुपचा आहे,” ती म्हणाली.

मी टेक्निशियन, त्यामुळे त्या चार शब्दांत मला अर्धी गोष्ट समजली. हा रक्तगट हजारोंत एखाद्याचा. या माणसांना दुसरं कुठलंच रक्त चालत नाही, ओ निगेटिव्हसुद्धा नाही. फक्त त्याच गटाच्या माणसाचं चालतं, आणि असली माणसं अख्ख्या जिल्ह्यात बोटांवर मोजावी लागतात.

“तेरा वर्षांचा होतो तेव्हा झाडावरनं पडलो. पोटात रक्त झालं होतं. रक्त मिळंना. वेंगुर्ल्याचे एक काका आले, वामन केरकर. मासळीचा टेम्पो चालवायचे. फोन आला तसा टेम्पो रस्त्याकडेला लावला आणि मोटारसायकल मागून घेऊन घाट चढून आले. रक्त दिलं आणि गेले. मी शुद्धीवर यायच्या आत गेले. आईनं त्यांचा चेहरापण नीट बघितला नाही. मग मोठा झाल्यावर शोधत गेलो. दोन वर्षांमागं ते वारले होते. त्यांच्या बायकोनं एक वही दाखवली. किती जणांना दिलं ते त्यात लिहिलं होतं. माझ्या नावापुढं नुसतं ‘लहान मुलगी, चंदगड’ असं लिहिलं होतं. तिथंच मी ठरवलं की फोन आला तर जायचं.”

“आणि मार्चमध्ये आला.”

“आला. रत्नागिरीकडची एक बाई, बाळंतपणात अडकलेली. सरांना विचारलं. सर म्हणाले, एशियनची ट्रायल होईपर्यंत एक थेंब द्यायचा नाही. दुसरा कोणतरी मिळेल. मी दुसऱ्या दिवशी दात दुखतोय म्हणून सांगून कोल्हापूरला रक्तपेढीत गेलो. सरांना नंतर सांगितलं, त्या बाईला दुसरं कोणतरी मिळालं.”

“मग हे का नाही सांगितलंस? रक्तदान गुन्हा नाही. फॉर्मवर हो लिहिलं असतंस तर काही झालं नसतं!”

“फॉर्म भरताना सर समोर होते. नंतर पत्र आलं तेव्हा सांगणार होतो. पण डॉक्टर आहेत ना तिथले, दिवाण डॉक्टर. म्हातारे आहेत.” ती खाली बघून म्हणाली, “माझं वजन बेचाळीस आहे, मॅडम. पंचेचाळीसच्या आत रक्त घेत नाहीत. मी खिशात वाळूच्या पट्ट्या घातल्या होत्या, आम्ही पायाला बांधून पळतो त्या. काट्यावर शेहेचाळीस भरलं. हे बाहेर आलं तर डॉक्टरांवर येणार. त्यांनी काय केलंय? ती बाई तर जगली म्हणे.”

मी तिच्या हाताकडे पाहिलं. काजूच्या तेलानं बोटं काळी पडली होती.

“आणि तुझं काय, वृषाली? चार वर्षांची बंदी येईल.”

“माहीत आहे.”

“सरांना वाटतंय की तू चोरी केलीस.”

त्यावर मात्र तिचा चेहरा बदलला. ती बराच वेळ रडली. तिची आई दारातून बघत होती, पण जवळ आली नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. एवढे नियम मोडलेच होते, त्यात आणखी एक.

*

डॉक्टर दिवाणांना मी ओळखत होते, पण नमस्कारापुरती. रक्तपेढीतल्या त्यांच्या टेबलावर रजिस्टरांची चळत होती आणि चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला होता. मी काही लपवलं नाही. सगळं सांगितलं, वाळूच्या पट्ट्यांसकट. शेवटी म्हटलं, “तिनं तुमचं नाव घेऊ नका असं सांगितलंय. मी तुम्हाला काही करायला सांगत नाही. तुमच्या कानावर असावं म्हणून आले.”

त्यांनी चष्मा चढवला आणि मार्चचं रजिस्टर ओढलं.

“चार मार्च,” ते म्हणाले. “म्हणजे तुम्ही गेलात त्याच्या सात दिवस आधी. साडेतीनशे मिली. आणि ही बघा, पिशवी गेल्याची नोंद. त्याच संध्याकाळी रत्नागिरीला, पेशंटचं नाव, गाडीचा नंबर, घेणाऱ्याची सही. ती पिशवी परत तुमच्या पोरीच्या अंगात जाणं शक्यच नाही.”

“पण वजन...”

“शेहेचाळीस लिहिलंय मी.” ते थोडं हसले. “पोतनीस बाई, पस्तीस वर्षं मी माणसं काट्यावर चढवतोय. त्या मुलीचे दंड बघून मला वजन कळलं होतं. खिसे फुगलेले दिसत होते. तिकडे बाई मरत होती, दुसरा दाता बेळगावहून निघायचा होता. मी काट्याकडे बघितलं, खिशाकडे बघितलं नाही. नंतर तिला तासभर झोपवून ठेवलं, सलाईन लावलं, बिस्किटं चारली, आणि रात्री घरी जाऊन झोप लागली नाही.”

“हे लिहून दिलंत तर तुम्हाला त्रास होईल.”

“होईल की.” त्यांनी पेढीचा छापील कागद घेतला आणि पेनाचं टोपण काढलं. “एवढंसं पोर माझ्यासाठी गप्प बसलंय आणि मी टेबलामागे लपू?”

त्यांनी वजनाचं खरं काय ते पहिल्याच ओळीत लिहिलं.

*

सुनावणी जूनच्या शेवटी झाली. लॅबमधल्या संगणकावरून मी हजर झाले. वृषाली आणि सर चंदगडच्या कॉलेजातून हजर होते, पडद्याच्या एका चौकोनात दोघं खांद्याला खांदा लावून बसलेले. सर एकटक खाली बघत होते. तिनं त्यांना सगळं सांगून टाकलं होतं.

बोलायला सुरुवात करतानाच मी सांगितलं की मनाई असताना मी खेळाडूला भेटले होते. पडद्यावर कुणीतरी ते लिहून घेतलं.

तिघांच्या मंडळात एक निवृत्त रक्ततज्ज्ञ होते. त्यांनी दिवाणांच्या पत्रावर बोट ठेवलं. “बाई, रक्त निघाल्याचं आकडे सांगतात. ते कुठे गेलं हे सांगत नाहीत. चोरानं काढलं काय आणि दात्यानं दिलं काय, आकडे हेच येणार. उद्या प्रत्येक जण असं रजिस्टर घेऊन येईल. हे नंतर बनवलेलं नाही कशावरून?”

मग त्यांनी स्वतःच माझी मार्चमधली नोंद पुढे ओढली. जाड सुई. डाग हिरव्यावरून पिवळ्यावर. सहा ते आठ दिवस. त्यांनी रजिस्टरमधली तारीख पाहिली, नोंदीची तारीख पाहिली, बोटांवर दिवस मोजले.

“हे तुम्ही त्याच सकाळी लिहिलं? निकाल यायच्या आधी?”

“हो. तिच्या समोर.”

“तिनं अडवलं नाही?”

“लिहायलाच लागतं का, असं विचारलं. मी हो म्हटलं. मग म्हणाली, लिहा.”

ते मागे टेकले. माझ्या ज्या चार ओळींनी तिच्यावर बालंट आणलं होतं, त्याच आता रजिस्टरच्या बाजूनं उभ्या होत्या.

वृषाली निर्दोष सुटली. फॉर्मवर खोटं उत्तर दिल्याबद्दल तिला लेखी समज मिळाली. पण निकाल हातात पडेस्तोवर जुलै उलटून गेला होता आणि ट्रायल होऊन गेली होती. दुसऱ्या मुली एशियनला गेल्या. डॉक्टर दिवाणांना मेमो मिळाला, त्यांना रक्तपेढीतून हलवून दुसरीकडे बसवलं आणि वर्षभरात ते निवृत्त झाले. मलाही दिल्लीहून दोन ओळींचं पत्र आलं. आजवरच्या सेवेबद्दल आभार, यापुढे आवश्यकता नाही. मी पेटी कुरिअरनं परत पाठवली. वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. नियम मी मोडला होता आणि तो नियम चांगलाच होता.

पत्र आलं त्या संध्याकाळी शिकलगार सरांचा फोन आला. त्यांना बातमी कुठून कळली कोण जाणे. “मॅडम,” ते म्हणाले, “पोरीनं मला विचारलं होतं. पहिल्यांदा मलाच विचारलं होतं तिनं. मी नाही म्हटलं नसतं तर तिला खोटं बोलायची पाळी आली नसती.”

“तुम्ही तिच्यासाठीच नाही म्हटलंत, सर.”

“तेच तर. तिच्यासाठी म्हटलं आणि तिच्यावर संशयबी मीच घेतला.”

*

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात, सकाळी सातला पुन्हा त्यांचा फोन. मागे गाड्यांचा आवाज येत होता.

“मॅडम, पोरीला बोलावणं आलंय. कणकवलीचा पेशंट आहे, तोच ग्रुप. आणि नॅशनलला अकरा दिवस राहिलेत.”

“मग काय ठरवलंत?”

“ठरवायचं काय त्यात? मागं गाडीवर बसलीय ती. पेट्रोल भरायला थांबलोय. रक्त दिल्याचं दिल्लीला कसं कळवायचं, तेवढं नीट सांगा. यावेळी मीच लिहितो.”

“सर, तिचं वजन?”

“शेहेचाळीस. वर्षभर शेंगदाण्याचे लाडू घालतोय. रोज सकाळी माझ्यासमोर काट्यावर चढती.” मागून वृषालीचा आवाज आला, “सर, चला की! ऊन होतंय.”

ती नॅशनल पुण्यात झाली. मी मुलाला घेऊन गेले होते. दहा हजार मीटर म्हणजे मैदानाच्या पंचवीस फेऱ्या. अठराव्या फेरीपर्यंत वृषाली पुढच्या तिघींना चिकटून होती. मग अंतर पडायला लागलं. दर फेरीला थोडं थोडं. तिचे खांदे वर चढले, तोंड उघडं पडलं. सर कठड्याला धरून उभे होते. एरवी ते ओरडून मैदान डोक्यावर घेतात असं ऐकलं होतं. त्या दिवशी ते एकदाही ओरडले नाहीत. फेरीमागून फेरी नुसते तिच्याकडे बघत राहिले.

ती चौथी आली. तिसरीच्या मागे नऊ सेकंद.

ती गवतावर आडवी पडली, उठली, कमरेवर हात ठेवून थोडी फिरली आणि मग आम्हाला शोधत कठड्यापाशी आली. ओठ पांढरे पडले होते. मला पाहून हसली, पण नजर सरांवर होती.

“सर, चिडलात?”

सरांनी हातातलं घड्याळ खिशात टाकलं. गळ्यातला टॉवेल काढून तिच्या डोक्यावर टाकला आणि लहान मुलीचं पुसावं तसं तिचं डोकं पुसायला लागले.

“आधी पाणी पी,” ते म्हणाले.